दोर ठीक आहे

धक्क्यावर माझं दोरांचं दुकान आहे. दोर, साखळ्या, कड्या, रंग, मेणकापड, होडीला लागेल ते सगळं मिळतं, आणि गिऱ्हाइकानं उगाच वेळ खाल्ला तर चार शब्दही ऐकायला मिळतात. माझा स्वभावच तसा. घरी सासूबाईंपासून नातवंडांपर्यंत सगळे एकदम बोलतात, कुणी कुणाचं ऐकत नाही, त्यामुळे दुकानात तरी मला शांतता हवी असते. त्या शांततेत दर रविवारी सकाळी एक माणूस येऊन बसायचा. दाराजवळच्या लाकडी खोक्यावर बसायचा, मोबाइल गुडघ्यावर ठेवायचा आणि गॅसवर दूध ठेवल्यासारखा त्याच्याकडे बघत राहायचा.

त्याला सगळे बाइंडर म्हणतात. शाळेमागच्या गल्लीत त्याची एक लांबट खोली आहे. पुढच्या भागात पुस्तकं शिवायची, मध्ये पडदा, पडद्यामागे संसार. सगळा जन्म त्यानं लोकांची फाटकी पुस्तकं शिवण्यात घालवला. खळ वाळून वाळून त्याची बोटं पुढून गुळगुळीत झाली आहेत, सुट्टे पैसे उचलतानासुद्धा निसटतात. बायको होती तोवर ते घर बोलत असायचं, म्हणजे तीच बोलायची. बाइंडर मुळातच अबोल आणि मुलगी बापावर गेलेली. दोघांचा सगळा कारभार आईमार्फत चालायचा. "बाबांना सांग, मला उशीर होईल." "तिला म्हणावं, छत्री घेऊन जा." आणि हे दोघं एकाच खोलीत, हातभर अंतरावर बसलेले असताना! मग बायको आजारी पडली आणि गेली. निरोप सांगणारं माणूसच गेल्यावर निरोपही बंद झाले.

मुलीला होडीचं वेड. नोकरी लागल्याबरोबर तिनं एक टाकून दिलेली शिडाची होडी मिळवली, खरवडली, रंगवली, नवं शीड चढवलं. होडी म्हणजे काय, दोन माणसं पाय पसरून बसली की भरली. सामान सगळं माझ्याकडचं. दोर निवडताना पोरीनं मला इतके प्रश्न विचारले की शेवटी मी म्हटलं, बाई, लग्नाचा मुलगा तरी इतका पारखून घे. ती हसली नाही. त्या घराण्यात हसण्याची पद्धत नाही.

पुढे तिला फार लांबच्या देशात काम मिळालं. आपल्याकडे सकाळ असते तेव्हा तिकडे दिवेलागण झालेली असते. जाण्याआधी तिनं होडी खाडीत, आडोशाच्या जागी नांगरली आणि बापाला म्हणाली, "बाबा, होडीकडे लक्ष ठेवा. मी रविवारी फोन करत जाईन." बाइंडरला पोहता येत नाही. होडीत पाय ठेवला की त्याच्या पोटात ढवळतं. तरी तो हो म्हणाला, कारण फोन होडीबरोबरच मिळणार होता.

घरी त्याला नेटवर्क मिळत नाही आणि माझ्या दारातून होडी दिसते, म्हणून तो रविवारचा इथे यायला लागला. कानांनी जरा कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावायचा. त्यामुळे त्या बापलेकीचं सगळं बोलणं मला ऐकावं लागलं. ऐकण्यासारखं होतंच काय त्यात म्हणा!

"कसे आहात?"

"बरा आहे. तू?"

"मी पण. जेवण वेळेवर होतं ना?"

"होतं."

"होडी?"

"आहे."

"बरं, ठेवते मग."

मी चहा कपात ओतून त्याच्यापुढे ठेवेपर्यंत फोन संपलेला असायचा. तो मोबाइल खिशात टाकायचा, चहा प्यायचा, कप स्वतः विसळून पालथा घालायचा आणि जायचा. फोनसाठी तो इस्त्रीचा शर्ट घालून येतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. पलीकडून कुणाला शर्ट दिसणार होता! मला त्याचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं.

एका रविवारी मात्र तिनं होडीचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आहे. पण होडकीवाला सांगत होता, दोर थोडा झिजलाय म्हणे."

होडकीवाला म्हणजे नांगरलेल्या होड्यांपर्यंत माणसांची ने-आण करणारा आमच्या धक्क्यावरचा वल्हेकरी. पलीकडे मुलगी एकदम सावध झाली. आवाजच बदलला.

"कुठे झिजलाय? किती? कधीपासून? नीट सांगा."

बाइंडरनं नीट सांगितलं. मग ती बोलायला लागली आणि बोलतच राहिली. होडी नांगरावर उभी असली तरी ती काही स्वस्थ उभी नसते, वाऱ्यानं डावी-उजवीकडे झुलत असते. तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, लोखंडी खाच असते, त्या खाचेतून दोर पाण्यात उतरतो. होडी झुलली की दोर त्या खाचेत घासतो, नेहमी एकाच जागी. शर्ट जसा मानेपाशीच विरतो तसं. बाकी दोर नवाकोरा, आणि वीतभर जागा मात्र संपत आलेली. त्या वीतभर जागेवर होडीचा जीव. तिथे काहीतरी गुंडाळायला हवं, शिवाय रोज थोडा दोर पुढे सोडायला हवा, म्हणजे झीज एकाच जागी होत नाही. हे सगळं ती सांगत होती, बाइंडर मान डोलवत होता, चहा गार झाला होता. जाता जाता तो मला म्हणाला, "ताई, आज बरंच बोलली, नाही का?" मी त्याला असा कधी पाहिला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

पुढच्या रविवारी त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की होडकीवाल्याबरोबर जाऊन दोराला कापड गुंडाळलंय आणि आता ठीक आहे. "छान. ठेवते मग." झालं! चहासुद्धा उकळला नव्हता.

त्या दिवशी तो खोक्यावर बराच वेळ बसून राहिला. त्याला काय उमगलं ते मला तोंडाकडे बघूनच समजलं. दोर बिघडलेला असला की मुलगी बोलते. दोर ठीक असला की ठेवते.

तेव्हापासून त्या दोराला काही ना काही व्हायलाच लागलं. कापड गुंडाळलं होतं ते सरकलं. मग दुहेरी कापड गुंडाळलं तर त्याची गाठ सुटली. मग जुन्या गोणपाटाची पाळी. प्रत्येक उपायाला एक रविवार आणि तो फसल्याचं सांगायला दुसरा. मुलगी प्रत्येक वेळी नव्यानं विचारायची, कुठे, किती, कधीपासून, नीट सांगा. आणि हा माणूस, ज्याच्या तोंडून शब्द काढायला पक्कड लागायची, तो रंगवून रंगवून सांगायचा.

मी काय आंधळी आहे? ज्याचा सगळा जन्म शिवण्यात गेला त्याच्या हातची गाठ सुटते होय! आणि चामड्याचं तर विचारूच नका. पहिल्याच महिन्यात तो माझ्याकडून जाड चामड्याचा चांगला तुकडा, सुई आणि मेणाचा दोरा निवडून ठेवून गेला होता. चामड्याची बाही शिवली की घासण्याचा प्रश्नच मिटला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"अहो बाइंडर, नेता का हे घरी? माझी जागा अडलीय," मी म्हणायची.

"राहू द्या ताई इथेच. घरी नेलं तर हात शिवशिवतील. बसेन शिवत."

"मग शिवा की! एका दुपारचं काम आहे."

"तेच तर," तो म्हणाला. मी चामडं परत काउंटरखाली सरकवलं.

मग त्यानं कहर केला. बागेला पाणी घालायच्या नळीचा तुकडा कापून दोरावर चढवला. मुलीनं दोराच्या पहिल्याच फोनमध्ये बजावलं होतं, बाबा, नळी नको. नळीत पाणी शिरत नाही, घासून घासून दोर आतल्या आत तापतो, वितळायला लागतो, आणि बाहेरून काही दिसत नाही. तरी यानं नळी लावली, आणि लावली म्हणून रविवारी सांगितलंसुद्धा. मुलगी जी चिडली! "बाबा, मी सांगितलं होतं ना? ऐकत का नाही तुम्ही? आई म्हणायची ते खरंय, तुम्ही आपलंच खरं करता." इतक्या दिवसांत आईचं नाव पहिल्यांदा निघालं. तो डोळे मिटून ऐकत होता. कुणी रागावलेलं इतकं गोड मानून घेतलेलं मी पाहिलं नाही.

त्याच फोनमध्ये ती आणखी एक वाक्य बोलून गेली. "मी परत आले ना, की आधी होडीवर जाणार आहे. तेवढ्यासाठी तरी ती जागेवर राहू द्या."

आधी होडीवर. ते वाक्य मला लागलं, तर बापाला किती लागलं असेल. पण तो मला म्हणाला, "येणार म्हणाली, ऐकलंत ना ताई?" माणसाला ऐकायचं तेवढंच ऐकू येतं. पण खरंही होतंच ते. ती होडी होती म्हणून पोर परत येणार होती. उद्या होडीच नसली तर या गावात तिचं काय होतं? एक लांबट खोली, आणि त्यात एक न बोलणारा बाप.

"नळी काढा," मी त्याला दरडावून सांगितलं.

"काढतो. एवढा पुढचा रविवार जाऊ द्या."

तो रविवार यायच्या आतच बंदराच्या ऑफिसनं फळ्यावर वादळाची सूचना लावली. आदल्या संध्याकाळपासून वारा फिरलेलाच होता, पाणी मातकट झालं होतं. सकाळी दुकान उघडायला आले तर बाइंडर आधीच दारात उभा. शर्टाला इस्त्री नव्हती. हातात दोराचा तुकडा होता. होडकीवाल्याला घेऊन तो पहाटेच होडीवर जाऊन आला होता, नळी कापून काढली होती, खराब झालेला दोर तोडून उरलेल्यानं होडी तात्पुरती बांधली होती आणि तो तुकडा घेऊन आला होता. मी तो तुकडा बोटांनी दाबला. वरचे धागे वितळून एकमेकांना चिकटले होते, दोर मऊ राहिलाच नव्हता, वाळलेल्या पावासारखा कडक झाला होता. वाकवला तर तुटला.

"ताई, मी काय करून बसलो," तो म्हणाला. 

एरवी मी चांगलं सुनावलं असतं.  त्या दिवशी मी काउंटरखालून चामडं काढलं, सुई काढली, मेणाचा दोरा काढला आणि त्याच्यापुढे ठेवलं. नव्या दोराचं वेटोळं खाली उतरवलं, आणि शटर अर्धं ओढून घेतलं.

तो जमिनीवर मांडी घालून बसला. सुई हातात आली आणि तो कामाला लागला. चामडं त्यानं आधी पाण्यात भिजवलं, दोराभोवती लपेटून माप घेतलं, आणि बाही मुद्दाम थोडी सैल ठेवली. आत पाणी खेळलं पाहिजे, म्हणाला, मुलीनं सांगितलंय. आरीनं भोकं पाडत गेला आणि दोन्ही बाजूंनी टाके घालत गेला. दोन्ही टोकं दोराच्या पेडांतून शिवून टाकली, म्हणजे बाही सरकायला नको. "पुस्तक पानात फाटत नाही ताई, सांध्यात फाटतं," तो मान वर न करता म्हणाला. "तिथेच दोरा लागतो." मी चहा दिला तो तसाच राहिला. इतकं सुरेख काम तो इतके महिने टाळत होता, आणि का टाळत होता ते आठवलं की मला तिथे उभं राहवेना. मी आत जाऊन उगाचच खिळ्यांचे डबे नीट लावले.

होडीवर मी त्याच्याबरोबर गेले. होडकीवाला म्हणाला, काकी, तुम्ही कशाला? मी म्हटलं, तू वल्ही मार. वाऱ्यानं पाणी अंगावर येत होतं, बाइंडर दोन्ही हातांनी कड धरून, ओठ घट्ट मिटून बसला होता. नाळेपाशी पोचल्यावर त्यानं खिशातून कानस काढली. लोखंडी खाचेच्या आतल्या अंगाला एक बारीक कंगोरा होता, नखाला लागेल इतकाच. सगळी झीज त्यानंच चालवली होती.

"हा कधी दिसला तुम्हाला?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी," तो म्हणाला आणि घासायला लागला.

होडी वरखाली होत होती, तो पालथा पडून एका हातानं लोखंड धरत होता आणि दुसऱ्या हातानं घासत होता. मध्येच बाजूला वळून ओकला आणि परत घासायला लागला. मी त्याचा शर्ट मागून मुठीत धरून ठेवला होता. कंगोरा गेल्यावर त्यानं पॉलिश पेपर फिरवला, मग बोट फिरवलं, मग माझंही बोट फिरवून घेतलं. नवा दोर नांगराच्या साखळीला जोडला, भरपूर लांब सोडला, म्हणजे हिसका कमी बसतो, आणि बाही बरोबर खाचेत येईल असा बांधला. निघताना त्यानं होडीच्या कडेवर हात ठेवला. "राहा गं," एवढंच म्हणाला.

रात्रभर वारा पिसाळल्यासारखा वाहत होता. सकाळी खाडीत पाहिलं तर दोन होड्या खडकांवर चढलेल्या होत्या आणि एक नाहीशीच झाली होती. बाइंडरच्या मुलीची होडी आपल्या जागेवर, नाळ वाऱ्याकडे करून उभी होती. धक्क्यावर लोक बाइंडरची पाठ थोपटत होते. त्याला काही आनंद झालेला दिसला नाही. मलाही झाला नाही. दोर आता ठीक होता, आणि वर्षभर तरी ठीकच राहणार होता.

रविवारी तो आला. शर्टाला इस्त्री होती. फोन वेळेवर वाजला.

"बाबा, वादळाचं वाचलं मी. दोर?"

"ठीक आहे."

"नीट बघितलात?"

"बघितला. दोर नवा घातला. चामड्याची बाही शिवली. खाचेत कंगोरा होता, तो घासून काढला. काल परत जाऊन आलो, एक धागा निघालेला नाही."

"कंगोरा होता?" ती म्हणाली. "बरं झालं मग. आता काही प्रश्नच नाही."

"नाही."

 मोबाइलमधून तिच्या खोलीतला कसला तरी घरघर आवाज येत होता, पंखा असेल नाहीतर फ्रीज. ती आता ठेवणार हे मला कळलं. इतके महिने मी ज्याला दोर एकदाचा नीट करा म्हणून सांगत होते, त्याला मीच हातवारे करायला लागले. गाठ, मी ओठांनी सांगत होते, सांगा ना, गाठ सैल वाटतेय म्हणा, साखळी गंजलीय म्हणा, काहीही म्हणा. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"बरं बाबा," ती म्हणाली, "ठेवते मग."

"दोर ठीक आहे गं," बाइंडर म्हणाला. "मी ठीक नाही."

फोन बंद पडला की काय, असं मला वाटलं. पण ती घरघर चालू होती. बाइंडर मोबाइल दोन्ही हातांत धरून बसला होता आणि त्याची ती गुळगुळीत बोटं त्याच्यावरून निसटत होती. मग तिचा आवाज आला. अगदी तस्साच, सावध झालेला, दोराच्या वेळी असायचा तसा. दुसरा आवाज तिला तरी कुठे येत होता!

"कुठे? किती? कधीपासून? नीट सांगा."

मी उठून दाराबाहेर गेले आणि शटर मागून ओढून घेतलं. एक गिऱ्हाईक येत होतं, त्याला म्हटलं, आज बंद आहे. आतून त्याचा आवाज ऐकू आला, कमी ऐकणारा माणूस बोलतो तितका मोठा.

"तुझी आई गेली ना," तो सांगत होता, "तिथपासून."